गाऱ्हाण्याला रीटेक नसतो

काळाचौकीच्या आमच्या चाळीत पाण्याचा नवा पंप बसला, त्या दिवशी मी पहिला व्हिडिओ केला. केला म्हणजे काय, मोबाईल हातात होता म्हणून चालू केला. कमिटीवाल्यांनी बाबांना बोलावलं होतं. चाळीत काही नवं आलं की नारळ त्यांच्याच हातात देतात, कारण गाऱ्हाणं घालणारे आता ते एकटेच उरलेत. गाऱ्हाणं म्हणजे आम्हा मालवणी माणसांचं देवाशी थेट बोलणं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणत दुजोरा द्यायचा.

बाबांनी पंपाला कुंकू लावलं, टोपी सारखी केली आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो नवो पंप बसवलेलो आसा, तेका चौथ्या माळ्यापर्यंत पाणी चढवची ताकद दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तळमजल्यावाल्यांका नळ बंद करूची बुद्धी दे रे म्हाराजा!"

चौथ्या माळ्याने असा 'व्हय म्हाराजा' ठोकला, की जिन्यावरची कबुतरं उडाली. तळमजलेवालेही हसले. मी तो तुकडा तसाच नेटवर टाकला.

मी दादरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दुसऱ्या दिवशी एका पेशंटने डोळ्यांत थेंब घालायच्या आधी माझ्यासमोर मोबाईल धरला. "हे बघा, काय भारी म्हातारा आहे!" मी म्हटलं, "माझे वडील आहेत." त्यांना ते खरंच वाटलं नाही.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबांचा दिवस गॅलरीत पेपर वाचण्यात जायचा आणि माझा दवाखान्यात नावं पुकारण्यात. आता अचानक अनोळखी माणसं बाबांना 'आजोबा' म्हणत होती, पुढचं गाऱ्हाणं कधी म्हणून विचारत होती. मी चॅनल सुरू केलं. रविवारी सकाळी दाराला गोधडी लावायची, म्हणजे गॅलरीतला गलका कमी येतो. मोबाईल तांदळाच्या डब्यात रोवून उभा करायचा. इअरफोनचा माइक बाबांच्या सदऱ्याच्या बटणाला अडकवायचा. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून आणलेला एक बल्ब, त्याला बटर पेपर गुंडाळलेला, तो कपड्यांच्या काठीला टांगायचा. घरचं नेट रांगायचं, म्हणून व्हिडिओ सोमवारी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत चढवायचा. दहावीच्या पोरांसाठी गाऱ्हाणं, पगारवाढीसाठी गाऱ्हाणं, मापाचा ब्लाउज वेळेवर मिळावा म्हणून गाऱ्हाणं. विषय मी काढायचे, शब्द बाबांचे.

एकदा चांगलं रंगात आलेलं असताना शेजारच्या कुकरची शिटी झाली. मी म्हटलं, "बाबा, परत एकदा. शिटी आली."

"परत कित्याक? देवाक सांगून झाला."

"अहो, पण आवाज खराब झाला ना."

"देवान शिटी पण आयकली. तो काय बहिरो आसा?"

ते उठले आणि चहा ठेवायला गेले. कितीही विनवण्या केल्या तरी दुसऱ्यांदा बोलायला ते कधी बसले नाहीत. त्यामुळे आमच्या व्हिडिओंत शिट्या आहेत, भंगारवाल्याची आरोळी आहे, एकात तर मागे मंडळाच्या ढोलाचा सराव आहे. मी चिडायचे. व्हिडिओ चढवला की दर थोड्या वेळाने बघणाऱ्यांचा आकडा तपासायचे. पेशंटचं नाव पुकारता पुकारता बघायचे, बसच्या रांगेत बघायचे. वाढला तरी चैन नाही, थांबला तर जेवण गोड नाही. बाबा एकदा म्हणाले, "घरात पोराक ताप इल्यासारख्या काय बघतंस गो सारख्या?"

मग एका व्हिडिओखाली एकाने लिहिलं. त्याची आई परळच्या इस्पितळात उपचार घेत होती, मायलेक दादरला धर्मशाळेत राहत होते, मूळचे मालवणच्या बाजूचे. 'आई तुमचे व्हिडिओ मोठ्याने लावते आणि व्हय म्हाराजा म्हणते. आजोबा एकदा येऊन तिच्यासाठी गाऱ्हाणं घालतील का?'

खरं सांगायचं तर वाचताक्षणी मला तो व्हिडिओ डोळ्यांसमोर दिसला. कोण कुठे बसेल, उजेड कुठून येईल, सगळं. बाबांना मी ते वाचून दाखवलं. संध्याकाळभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत राहिले.

"तिच्यासाठी काय मागू?" ते मला विचारत होते. "बरी कर म्हणान मागू? डाक्टर काय म्हणतत, ता तरी खंय ठाऊक आसा?"

शेवटी त्यांनी मला त्या मुलाला फोन लावायला सांगितला. मुलगा म्हणाला, डॉक्टरांनी आता घरी न्यायला सांगितलंय. आईला सगळं माहीत आहे. बाबा "बरा, बरा" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

आम्ही रविवारी दुपारी गेलो. धर्मशाळेच्या जिन्यात बाबा थांबले. "मोबाईल पिशवीत ठेव."

"बाबा, ती व्हिडिओ बघूनच तर…"

"ठेव म्हटलंय ना."

खोलीत कॉटवर एक बारकीशी बाई बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेली. बाबांना बघून तिने नीट निरखलं. "इलास? मोबाईलात जरा मोठे दिसतास."

बाबा हसले. मग त्यांनी तिला विचारलं, "तुमच्या गावच्या देवाचा देऊळ खंयच्या दिशेक?" तिने थोडा विचार करून खिडकीच्या बाजूला हात केला. बाबांनी स्टूल तिकडे सरकवलं, त्यावर नारळ ठेवला. आवाज नेहमीसारखा चढवला नाही.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक मुंबयत इली, दवापाणी केल्यान, आता घराक जाता आसा. वाटेत तिका त्रास होव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ती, तिचा मुलगा आणि मी.

"घरचो भात तिच्या तोंडाक गोड लागांदे रे म्हाराजा. रातची झोप लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

खिडकीतून उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. कुठे शिटी नाही, आरोळी नाही. इतका स्वच्छ आवाज आमच्या खोलीत मला कधीच मिळाला नव्हता. पिशवीच्या बंदाभोवती माझी बोटं नुसती शिवशिवत होती. बाबा थांबतायत असं वाटलं, तोच ती मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ह्येचा लगीन?"

मुलगा लाजला. "आई, गप गे!"

बाबांनी पुन्हा हात जोडले. "आणि ह्या झिलाचा लगीन जमांदे, सून कामसू आणि गोड बोलणारी येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" ती इतक्या जोरात म्हणाली, की बाजूच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. मग बराच वेळ ती खोकत राहिली आणि मुलाने तिला पाणी पाजलं.

खाली उतरल्यावर मी फुलबाजारातून तरातरा पुढे चालायला लागले. बाबा मागून म्हणाले, "रागावलंस?"

"एवढं चांगलं झालं, बाबा. हजारो लोकांनी बघितलं असतं. त्यांनाही बरं वाटलं असतं."

"थंय तुझो मोबाईल असतो, तर तिणा झिलाचा लगीन मागल्यान नसता."

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. कदाचित तिने कॅमेऱ्यासमोर आणखी मोठ्याने मागितलं असतं. ती तशीच बाई होती.

गावी पोचल्यावर मुलाने कळवलं, प्रवास नीट झाला, आईने पेज खाल्ली. नंतर एकदा कळवलं, आज अंगणात बसली होती. मग काही आलं नाही. मी रोज त्याचं नाव उघडायचे, 'आई कशी आहे' एवढंच लिहायचे आणि पुसायचे. बाबा विचारायचे, "त्या झिलाचो काय निरोप?" मी 'काही नाही' म्हणायचे. शिमग्याच्या सुमारास न राहवून फोन केला. ती आधीच्या आठवड्यात गेली होती. मुलगा शांत होता. म्हणाला, "शेवटपर्यंत घरचा भात खात होती. थोडा, पण खात होती." लग्नाचं मी विचारलं नाही.

बाबांना सांगितलं. ते गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. त्या रविवारी मी काही मांडलं नाही. त्यांनीच हाक मारली, "काय गो, आज नाय?" मग मी गोधडी लावली, बारावीच्या पोरांचं गाऱ्हाणं होतं, ते त्यांनी एका दमात घातलं. दुसऱ्या दिवशी चढवलं. खाली एकाने लिहिलं, 'आजोबा आज दमलेले वाटतात.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.