पोळ्याचं आवतन

वडनेर भोलजीच्या बनाबाईशी वांग्याचा भाव कोणी दोनदा करत नसे. पहिल्याच खेपेला ती गिऱ्हाइकाच्या आज्यापर्यंत जाऊन यायची. नवरा गेल्यावर मळा तिनं दोन बैलांवर आणि ह्या तोंडावर चालवला. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारनं ते बैलच धरले.

पोळ्याच्या पहाटे पुतण्या कडूबानं तिच्या गोठ्यातले बैल सोडून बंडीला जुंपले, कडब्याखाली हातभट्टीचे पिपे दडवले आणि नांदुऱ्याच्या वाटेवर पोलिसांना सापडला. तो जामिनावर घरी आला. बैल आणि बंडी ठाण्याच्या आवारात. दारू वाहिली ती बंडी बैलांसकट सरकारजमा, असा कायदा. वकील म्हणाला, "तुम्हाला न विचारता नेली हे पटलं तर सुटेल. दिली म्हणालात, की गेली."

बनाबाई कडब्याच्या पेंढ्या घेऊन ठाण्यावर जायची.

"सरकारी बैल झाले आता ते, बाई," जमादार म्हणाला.

"सरकारी? मंग सरकारले म्हना, शेन काढ!"

कोर्टाच्या आदल्या दिवशी कडूबाचा बाप, तिचा दीर इंद्रभान, अंगणात येऊन उभा राहिला. "वयनी, मीनंच देल्ली बंडी, असं सांगजा. नाही त पोट्ट्यावर चोरीचं कलम लागन."

"अन् माहे बैल?"

"बैल काय, दुसरे भेटतात."

"पोट्टेबी भेटतात, भाऊजी. तुमच्या घरी त ढीग हाय."

कोर्टात सरकारी वकील हसत म्हणाला, "घरचाच पोरगा. तुम्हीच दिली असेल बंडी."

"पोळ्याच्या दिवशी?" बनाबाई कडाडली. "आदल्या सांजी तूप-हळद लावून खांद शेकली म्या त्याईची. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं कानात सांगतलं. जेवाले बलावलं त्याच्याच मानेवर जू ठेवीन मी? असं वैरीबी करत नाई, वकीलसाहेब. तुमच्याकडं करत असतीन!"

मॅजिस्ट्रेटनं जमादाराला विचारलं, "हळद होती खांद्यांवर?"

"होती, साहेब. जुवालेबी लागली होती."

"मग बाई, न विचारता नेली कोणी?"

पिंजऱ्यातून कडूबा तिच्याकडं बघत होता. मागच्या बाकावरून इंद्रभान खाकरला.

"ह्यानं. चोरून नेली. माहा पुतन्या हाय, तेबी लिवा."

बैल सुटले. बरगड्या मोजून घ्याव्या असे झाले होते. कडूबा आत गेला. दोन अंगणांमधली वाट इंद्रभाननं आठवड्यात दगड-मातीनं चिणून टाकली. दिवाळीला फराळाचं ताट आलं नाही, गेलंही नाही.

पुढच्या साली पोळ्याच्या आदल्या सांजी बनाबाईनं खांद शेकली. आवतन बैलाच्या कानात द्यायचं असतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि मळ्यातली पाखरं हाकलावी तशी ओरडली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

पलीकडं भांडं आपटलं.

"तुमालेच हाय, बाप्पा," बैलाच्या पाठीवर थाप मारत ती तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "बाकी कोनाले नाई."