कांबळे मॅडम आणि आमच्या किल्ल्या

राजारामपुरीतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात किस्से मुद्दाम कुणी सांगत नाही. चहाला दोघं उठले की तिसरा "मॅडमचं ते ऐकलंस का?" म्हणतो आणि कालच्या ढिगावर आज आणखी एक पडतो!

मॅडम म्हणजे कांबळे मॅडम, आमच्या टीम लीड. आमचा सगळा कोड ज्या साइटवर राहतो, तिनं पासवर्ड बंद करून किल्ल्या सुरू केल्या, तेव्हाची गोष्ट. तोवर सगळ्या ऑफिसचा पासवर्ड एकच, तोही फळ्यावर! त्यात पुण्याच्या एका कंपनीचं मोठं काम येऊ घातलेलं. त्यांची अट, ज्याची किल्ली त्याच्याकडेच हवी. काम हुकलं असतं तर आमच्यातल्या निम्म्यांना नोकरीसाठी पुण्यात खोल्या शोधाव्या लागल्या असत्या.

मॅडमनी समजावलं, "दोन फाइली तयार हुत्यात. एक कुलूप, एक किल्ली. कुलूप साइटवर लावा, किल्ली आपल्या लॅपटॉपवर. ती कुणाला द्यायची न्हाय. आईला बी न्हाय!"

सगळ्यांना पटलं. संध्याकाळी आमच्या संभानं आपली किल्ली ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. वर मेसेज, "मी सुट्टीवर असलो तर कुणाचं अडायला नको." असा दिलदार गडी! ते बघून लाजेखातर आम्हीही आपापल्या टाकल्या.

मॅडम चिडल्या नाहीत. सगळ्या किल्ल्या रद्द केल्या आणि म्हणाल्या, "डबा वाटून खावा, गाडी वाटून चालवा. ह्ये तेवढं सोडून." मग प्रत्येकाशेजारी बसून नव्या करून घेतल्या. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

नव्या किल्लीला परवलीचं वाक्य लागतं. संभा ते टाइप करताना मोठ्यानं म्हणत होता. खालच्या झेरॉक्सवाल्यालाही पाठ झालं! मॅडम म्हणाल्या, "संभाजीराव, बोटानं टाका, तोंडानं न्हाय."

पहिल्यांदा जोडताना कॉम्प्युटर साइटची ओळख म्हणून अक्षरांची लांबलचक माळ दाखवतो आणि विचारतो, जोडू का? आम्ही न वाचताच 'येस' ठोकायचो. मॅडम मात्र साइटनं जाहीर केलेल्या ओळखीशी एकेक अक्षर ताडून बघत होत्या.

"मॅडम, एवढं काय बघायचं त्यात?" संभा म्हणाला.

"एस्टीची पाटी न वाचता चढतोस व्हय रं? पन्हाळ्याला म्हणून निघशील आन उतरशील चंदगडला!"

शेवटी पुण्याचे तपासनीस आले. माणूस गोड. संभाशेजारी खुर्ची ओढून बसले. "रिपोर्ट आजच द्यायचाय. तुमची किल्ली मला मेल करा, बघून लगेच ओके करतो."

आमचे चेहरे पडले. संभाला जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही.

संभा म्हणाला, "पावणं, चहा घ्या, जेवा, आज मुक्कामाला बी आमच्याकडंच ऱ्हावा. पन किल्ली मागायची न्हाय!"

पाहुणे मॅडमकडे वळले. "तुम्ही यांच्या वरिष्ठ. तुम्ही तरी सांगा."

मॅडम म्हणाल्या, "माझं बी ऐकायचा न्हाय त्यो."

संभा जागेवरूनच ओरडला, "तुम्ही बी मागून तर बघा की, मॅडम!"