पांग सिस्टरची नेमकी प्रार्थना

कोरियातल्या मोक्पोच्या मिशन इस्पितळात चौथ्या मजल्यावर पोटाच्या ऑपरेशनचे पेशंट ठेवतात, आणि तिथं गेली सत्तावीस वर्षं पांग माल्सुन सिस्टरचं राज्य आहे. बाई बुटकी, पण आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. पोट उघडून शिवलेल्या माणसाला गॅस पास होईपर्यंत तिथं काही खायला देत नाहीत. त्यामुळे या मजल्यावर सकाळी कुणी कुणाला ‘बरं वाटतंय का’ असं विचारत नाही. ‘झाला का?’ एवढंच विचारतात. ज्याचा झालेला नसेल त्याच्यासाठी माल्सुन प्रार्थना करते. आधी त्याची परवानगी घेते, मग डोळे मिटते आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात देवाकडे वारा मागते.

कोरियन भाषेत पादण्याला पांग्वी म्हणतात आणि हिचं आडनाव पांग. तेव्हा शाळेपासून व्हायची तेवढी चेष्टा होऊन गेली होती आणि लाजायला काही उरलं नव्हतं.

प्रार्थनेची ही रीत तिला एका बेटावरच्या म्हातारीनं लावली. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. म्हातारीचं पोट पाच दिवस ढोलासारखं गच्च, आणि माल्सुन उशाशी उभी राहून हळू आवाजात, “प्रभू, हिच्यावर कृपा कर,” म्हणत होती. म्हातारी वैतागली. “अगं पोरी, मासळीबाजारात जाऊन ‘काहीतरी द्या’ म्हणतेस का? मला काय हवंय ते नीट सांग की त्याला!” माल्सुनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तिनं सांगितलं. तासाभरानं म्हातारीला पेज मिळाली. हे प्रार्थनेनं झालं की पोटाच्या आपल्या गतीनं, यावर माल्सुन कधी वाद घालत नाही. पण तेव्हापासून ती देवाशी मोघम बोलत नाही.

ती रोज पहाटे पाचला चर्चच्या उपासनेलाही जाते आणि तिथंही असंच. नाव घेत नाही, फक्त खाटेचा नंबर सांगते. “प्रभू, खाट चार! आतडं मोकळं कर!” बायकांना सवय झालेली. नामगुंग हेडसरांना मात्र झाली नव्हती. हे चर्चच्या मंडळीच्या पंचांतले सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्त मुख्याध्यापक, कोटाचं वरचं बटण ऑगस्टमध्येसुद्धा न उघडणारे. अर्ध्या मोक्पोला त्यांनी गणित शिकवलं होतं, माल्सुनलासुद्धा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पंचांच्या बैठकीत ठराव मांडला होता की, उपासनेत छातीखालच्या अवयवांचा उल्लेख होऊ नये. ठराव मंजूर झाला. माल्सुन मग, “प्रभू, खाट चार, तुला माहीतच आहे!” असं ओरडू लागली, आणि ते ऐकून लोक आणखीच हसू लागले.

त्याच हेडसरांचं अपेंडिक्स एका मंगळवारी पोटात फुटलं आणि ते माल्सुनच्या खाट तीनवर आले.

ऑपरेशन छान झालं. बुधवार गेला, गुरुवार गेला, पण गॅसचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, भरपूर चाला. हेडसर म्हणाले, “या झग्यात? मागून उघड्या? बाहेर माझे विद्यार्थी हिंडताहेत!”

शेजारच्या खाटेवर प्यो नाखवा होता. ऑक्टोपस धरायची बोट होती त्याची, आतड्याचं ऑपरेशन झालेलं. तो बुद्धाला हात जोडणारा. त्याचं काम दुसऱ्याच दिवशी उरकलं होतं आणि तो पेज भुरकत बसला होता.

“काय हेडसर, पादलात का?” तो दर तासाला विचारायचा.

“जरा सभ्य भाषा वापरा.”

“बरं. आपण पादलात का?”

शुक्रवारी सकाळी माल्सुन आली तेव्हा हेडसर उशीला टेकून बसले होते. “झालं,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “पहाटे. पेज सांगा.”

“अरे वा! कितीदा?”

“एकदा. पुरे आहे ना तेवढं?”

माल्सुननं स्टेथोस्कोप काढला, पोटाला लावला. आत एकदम सामसूम, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शाळेसारखी. तिनं वर पाहिलं. हेडसरांच्या कपाळावर घाम होता.

“मला तर काही ऐकू आलं नाही बुवा पहाटे,” नाखवा म्हणाला. “आणि मी जागाच होतो.”

हेडसरांचा चेहरा पडला. “खोटं बोललो मी,” ते अगदी हळू म्हणाले. “त्याच्या पेजेचा वास येतो हो. चार दिवस झाले... पंच आहे मी मंडळीचा, आणि वाटीभर पेजेसाठी खोटं बोललो.”

माल्सुनला हसण्याची उकळी फुटली. दोन वर्षांपूर्वीचा ठराव तिच्या जिभेवर आला होता. पण एकाहत्तर वर्षांचा हा माणूस झग्याची नाडी बोटाला गुंडाळत बसलेला पाहून तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खाटेच्या कडेला बसली.

“हेडसर, प्रार्थना करू का?”

“कर. पण हळू.”

तिनं त्यांचा हात धरला आणि त्या बेटावरच्या म्हातारीनंतर पहिल्यांदाच कुजबुजत प्रार्थना केली. ती संपल्यावर हेडसरांनी एक डोळा उघडला. “मला ऐकू आलं नाही. नेमकं मागितलंस ना? मोघम नाही ना बोललीस?”

“नेमकं मागितलं. आता उठा.”

“उठू? का?”

“त्यानं दिलं तर घ्यायला पुढं जायला नको? चला, माझा कोट घाला मागून.”

दोघं निघाले. माल्सुनचा गुलाबी लोकरी कोट हेडसरांच्या पाठीवर, एका हातात सलाइनचा स्टँड. तिसऱ्या फेरीला लिफ्टमधून एक पन्नाशीचा गृहस्थ उतरला आणि कमरेत वाकून नमस्कार करत म्हणाला, “हेडसर! ओळखलंत? तुम्ही मला वर्गात आवाज केला म्हणून बाहेर उभं केलं होतं!”

“कसला आवाज?” माल्सुननं विचारलं.

गृहस्थ घुटमळला. “तोच, सिस्टर. दुपारच्या तासाला.”

हेडसरांनी सलाइनचा स्टँड थांबवला. मग म्हणाले, “चूक झाली माझी. तू भाग्यवान होतास, बाळ.”

अकरा फेऱ्या झाल्या. पण गॅस काही पास होईना.

दुपारी चर्चमधून पाळक सोक आले, सोबत तीन बायका आणि संत्र्याच्या रसाचा खोका. खाट तीनभोवती सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबण लावणारी म्हणून प्रसिद्ध. देशाचं झालं, शहराचं झालं, इस्पितळाचं झालं, “आणि हे प्रभू, तुझ्या या दासाच्या...” म्हणून त्यांनी योग्य शब्द शोधायला श्वास घेतला, आणि त्या शांततेत आवाज झाला. लहान नव्हे. चांगला ऐसपैस, शेवटी थोडा वर चढणारा.

“हालेलुया!” माल्सुन ओरडली. बायकांनी टाळ्या पिटल्या. एकीला रडूच आलं. माल्सुन दाराकडे धावत सुटली. “पेज आणा! खाट तीन, पेज!”

“थांब,” हेडसर म्हणाले.

सगळे थांबले.

“माझा नव्हे तो.”

माल्सुन परत फिरली. “नक्की? बघा हं, पेज येतेय.”

“सकाळी एकदा खोटं बोललोय. आता पुन्हा नाही. माझा नव्हे.”

सगळ्यांनी नाखव्याकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले. “बुद्धाशपथ, मी नाही. माझा असता तर मी सांगितलं नसतं होय? अभिमानानं सांगितलं असतं!”

पाळक सोक आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांची मान हळूहळू बीटासारखी झाली.

“सकाळच्या उपासनेनंतर,” ते म्हणाले, “भाजलेली रताळी खाल्ली होती मी. आग्रह झाला.”

हेडसरांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. माल्सुनला वाटलं, टाके उसवले. पण ते हसत होते. या माणसाला हसताना मंडळीत कुणी पाहिलं नव्हतं. उशी पोटाशी घट्ट दाबून, डोळ्यांतून पाणी काढत, “नका हो, दुखतंय, नका,” म्हणत ते हसत होते. पाळकसाहेबही हसायला लागले, नाखवा खाटेचा कठडा बडवायला लागला, आणि त्या गदारोळात हेडसर एकदम गप्प झाले.

त्यांनी हात वर केला, वर्गात उत्तर माहीत असलेला मुलगा करतो तसा.

“सिस्टर,” ते म्हणाले. “हा माझा.”

माल्सुननं तरी स्टेथोस्कोप लावलाच. आत शाळेची घंटा झाल्यासारखी गडबड चालू होती.

पेज आली. हेडसरांनी चमचा उचलला, ठेवला, हात जोडले आणि, “प्रभू, या अन्नाबद्दल आणि त्याआधीच्या सगळ्याबद्दल,” एवढंच म्हणून थांबले. मग वाटी पुसून खाल्ली. नाखव्यानं स्वतःच्या खोक्यातली मऊ नासपाती त्यांना देऊ केली, त्यावर माल्सुननं दोघांनाही झापलं.

पुढच्या महिन्यात रविवारच्या उपासनेत, देणगी घालून वर कारण लिहिलेली आभाराची पाकिटं वाचून दाखवली गेली. कुणाला नातू झाला होता, कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती. एका पाकिटावर पाळकसाहेब अडखळले. अक्षर मुख्याध्यापकाचं, एकेक वळण रेखीव.

“नामगुंग यांच्याकडून,” ते वाचू लागले, “शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गॅस पास झाल्याबद्दल.”

त्या दिवशी माल्सुन ड्यूटीवर होती. हेडसरांच्या बायकोनं तिला फोन करून सगळं सांगितलं. माल्सुननं एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात नव्या पेशंटची नाडी धरून ऐकलं आणि विचारलं, “मग लोकांनी काय केलं?”

“काय करणार? आमेन म्हणाले. आमचे हे सगळ्यांत मोठ्यानं.”