अकराव्या पातळीच्या वर

लिफ्टचा मिस्त्री देव होऊन अकरा वर्षे झाली होती. हे देवपण दर रविवारी दुपारी दोन ते सहा एवढ्यापुरतेच असे आणि ते त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. खेळ असा की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे, आपण काय करणार ते बोलून दाखवायचे, आणि ते जमले की फसले याचा निवाडा फाशांवर सोपवायचा. सांगणारा अर्थातच मिस्त्री. खेळणारी माणसे तीन. त्याची थोरली बहीण इस्पितळात परिचारिका होती, खेळात चोर. दातांचे डॉक्टर खेळात मांत्रिक. आणि भूगोलाचे निवृत्त मास्तर, ज्यांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणावर खडू सुद्धा फेकला नव्हता, ते योद्धा.

मिस्त्रीचा दरारा होता तो वजनामुळे. ‘सहा माणसे, चारशे किलो’ अशा पाट्यांच्या सहवासात दिवस काढणारा माणूस. खेळातही तो प्रत्येकाच्या पाठीवरचे ओझे लिहून घेई. दोर किती हात, मशाली किती, पखाल भरलेली की रिकामी. एकदा मास्तर लाकडी पुलावरून कोसळले ते केवळ एका पितळी घंटेपायी. जाता जाता उचललेली ती घंटा मास्तर विसरले होते, मिस्त्री विसरला नव्हता. त्यावरून मास्तरांनी तीन रविवार अबोला धरला. चौथ्या रविवारी मात्र ते पावणेदोनलाच येऊन बसले.

मूळ पुस्तक दहाव्या पातळीला संपत होते. पराक्रम करत करत माणसे एकेक पातळी चढत आणि तिथे पोचली की थांबत. ‘पुढील दहा पातळ्यांची पुरवणी लवकरच’ असे शेवटच्या पानावर छापलेले होते, आणि त्या ‘लवकरच’वर मिस्त्रीने सहा वर्षे काढली. कुणी कुरकुर केली की तो म्हणे, “खरा खेळ अकराव्या पातळीपासून सुरू होतो. ही नुसती तयारी चाललीय.”

अखेर पुरवणी आली. जाडी मूळ पुस्तकाच्या दुप्पट, वर सोनेरी अक्षरे. वाचताना चाळिसाव्या पानावर मिस्त्रीचा डोळा लागला. दोष त्याने दिवसभराच्या दगदगीला दिला आणि ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही.

अकराव्या पातळीवर मांत्रिकाला पंख फुटले. बाराव्या पातळीवर चोराला एक पिशवी मिळाली, तिच्यात अख्खे गाव मावे आणि तिचे वजन शून्य. तेराव्या पातळीवर मास्तरांचे मरण रद्द झाले. मिस्त्रीने दरी सांगितली की मंडळी उडत. कुलूप सांगितले की भिंतच विरघळवत. तेव्हा त्याने राक्षस आणले, मग राक्षसांचे राजे, मग त्या राजांचेही कुणी वरिष्ठ. आणि नुसत्या फाशांच्या बेरजा करण्यात दुपार सरू लागली.

“समोर आगीचा समुद्र आहे,” एका रविवारी मिस्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“पिऊन टाकते,” ताई नखे कापता कापता म्हणाली.

“अख्खा?”

“पान एकशे बारा. बघ की.”

मिस्त्रीने बघितले. पिता येत होता.

त्यानंतर गळती लागली. मास्तरांची कंबर धरली. डॉक्टरांच्या मेहुण्याने दोन महिन्यांत तीनदा घर बदलले आणि तिन्ही वेळा सामान हलवायला डॉक्टरच लागले. ताईची इस्पितळातली पाळी नेमकी रविवारीच लागू लागली. मिस्त्री चार खुर्च्या मांडून बसे आणि साडेतीनला त्या भिंतीशी लावून ठेवी. लग्न त्याने केले नव्हते आणि या टेबलापलीकडे सोबत म्हणावी अशी जोडली नव्हती. ते टेबल मोडले तर रविवारचे काय करायचे, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. तरीही दोष पुरवणीचा असेल, हे तो मनाशी सुद्धा कबूल करीना. सहा वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला ते परवडणारे नव्हते.

अशातच एका बुधवारी रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या वाट्याची एक इमारत मिस्त्रीकडे आली. डॉक्टरांचा दवाखाना तिथेच तिसऱ्या मजल्यावर होता. पण बुधवारी दुपारी तो बंद असतो, हे माहीत असल्याने मिस्त्रीने भेटीचा विचारही केला नाही. लिफ्ट मधेच थांबवून तो तिच्या टपावर उभा राहिला आणि रुळांना वंगण लावू लागला. तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या बाजूने, आवाज आला.

“दोर तीस हात आहे आणि विहीर चाळीस हात.” आवाज ताईचा होता.

“खालचे दहा हात उडी मारतो,” मास्तर म्हणाले.

“आधी पाठीवर काय काय आहे ते सांगा. वजनासकट.”

मिस्त्रीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. वाक्य त्याचे होते. त्यातला दम सुद्धा त्याचाच होता.

“ताई, एक तवा आहे फक्त,” मास्तर काकुळतीला आले.

“लोखंडी ना? टाका फासे.”

स्टीलच्या तबकात फासे खणखणले. डॉक्टर ओरडले, “मोडला! पाय मोडला!” आणि तिघेही असे खदखदून हसले की लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत हसू वरून खालपर्यंत घुमत गेले. मिस्त्रीच्या स्वयंपाकघरात असे कुणी हसल्याला महिने लोटले होते. त्याला संताप आला. आणि त्याच वेळी, पाय मोडलेला माणूस विहिरीतून वर येणार कसा, हेही त्याला कळायला हवे होते.

वंगणाने माखलेल्या हातांनी तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला. मास्तरांनी कंबर धरली. पण उशीर झाला होता.

“मेहुणा काय म्हणतो, डॉक्टर? लागला का सामानसुमान?”

“मिस्त्री, अहो, तुम्हाला सांगणारच होतो...”

“कधी? विसाव्या पातळीला?”

“ओरडू नकोस,” ताई म्हणाली. “तुझ्या त्या राक्षसांच्या राजांचा वीट आला रे आम्हाला.”

“मी तीनदा मरून पाहिलं,” डॉक्टर हळूच म्हणाले. “जमत नाही हो त्या पुस्तकात.”

“सहा वर्षं थांबलो मी त्या पुस्तकासाठी!”

“तू थांबलास,” ताई म्हणाली. “आम्ही त्या सहा वर्षांत खेळत होतो. आम्हाला तीच बरी वाटली.”

मिस्त्रीला बरेच बोलायचे होते. तो एवढेच बोलला, “चाळिसाव्या पानावर मला झोप लागली होती.”

कुणी हसले नाही. डॉक्टरांनी हात धुवायला साबण पुढे केला. ताईने एक कोरा कागद सरकवला. “पहिल्या पातळीचा हमाल हो. दुसरं काही मिळणार नाही. आणि इथे देव मी आहे.”

मिस्त्रीचा हमाल पाऊण तास जगला. कमरेएवढ्या पाण्यात पाय घसरून, इतरांचे सामान डोक्यावर असताना तो बुडाला. मिस्त्रीने नियमाचा आधार काढला, पान सांगितले, ओळ सांगितली. ताई म्हणाली, “मेलेल्यांनी मधे बोलायचं नाही. हा नियम कुणाचा?” नियम त्याचाच होता. पुढचे दार उघडल्यावर आत काय असेल, हे अकरा वर्षांत प्रथमच त्याला माहीत नव्हते. आणि नेमके त्या दाराशी ताईने ते जुने, दहा पातळ्यांचे पुस्तक मिटले.

“आत काय आहे, एवढं तरी सांग,” जिन्यात त्याने तिला गाठून विचारले.

“बुधवारी ये.”

सहकारी रजेवरून परतला तरी मिस्त्रीने ती इमारत त्याला परत दिली नाही. महिन्यातून एकदा तपासायची लिफ्ट तेव्हापासून दर बुधवारी दुपारी तपासली जाते. एवढी निगा राखूनही ती नेमकी त्याच वेळी चार तास बंद का असते, असे तिथले रहिवासी विचारतात. मिस्त्री गंभीरपणे सांगतो की काम नाजूक आहे.