मागच्या बाजूने

दुपारचं जेवण अंगावर आलंय. टेबलावर स्वतः जोडलेला नवा पॅड उघडा पडलाय आणि दिगंबरचे डोळे मिटू लागलेत. पॅडवर काठी मारली की केबलमधून कीबोर्डाला हुकूम जायला हवा, आणि कीबोर्डातून हलगी वाजायला हवी. आठवडाभर काठ्या आपटून झाल्या, कीबोर्ड ढिम्म. संध्याकाळी पुतणीची हळद आहे. बेंजोवाल्या बाबूने बजावलंय, "तुझं वाजलं न्हाई तर कल्लाप्पाचा जुना पॅड आणतो." पॅड बनवणारा त्याचा मित्र कल्लाप्पा जाऊन वर्ष झालं. तरी दिगंबरच्या घरच्या हळदीतही त्याचीच करामत वाजणार, या विचाराने दिगंबर आणखी एकदा काठी आपटतो. तशातच डुलकी लागते.

शेजारच्या स्टुलावर कल्लाप्पा बसलाय. खिशाला तोच टेस्टर खोचलेला.

"कसं काय, दिग्या?"

"तू मेलायस."

"व्हय की. म्हणून बसू नको?" तो पॅड उचलून बघतो. "सोल्डरचे टाके अजून गोवऱ्या थापल्यागतच घालतोस."

"आणि तुझे मोती. सगळं गडहिंग्लज तेच सांगतंय. माणूस गेला की लोकांना लई भारी वाटतो."

"हुतो तवाबी वाटत हुतो," कल्लाप्पा हसतो.

दिगंबरला त्याचा गळा धरावासा वाटतो. मित्र भेटला म्हणून बरंही वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

आता टेबल नाही. दोघं हळदीच्या मांडवासमोर उभे आहेत. मांडवाला पाचच खांब, अर्धगोलात रोवलेले, केबलच्या सॉकेटातल्या पाच पिनांसारखे. मधल्या खांबाच्या एका बाजूच्या खांबाला लाल कापड, दुसऱ्या बाजूच्याला पांढरं.

"लाल कुठल्या हाताला?" कल्लाप्पा विचारतो.

"डाव्या."

"चल मागं."

मागे आचारी भजी तळतोय. कढईत तेल उकळतंय, पण आवाज नाही.

"आता?"

"उजव्या," दिगंबर म्हणतो, आणि त्याला स्वतःची चूक दिसते. सॉकेटाचं तोंड बघून त्याने पिना पाठ केल्या होत्या. वायरी मात्र पाठीकडून, त्याच डाव्या-उजव्या हिशोबाने जोडल्या होत्या.

"पैल्यांदा मीबी असंच केलं हुतं," कल्लाप्पा म्हणतो.

"मग कधी बोलला का नाहीस?"

कल्लाप्पा कढईजवळचं एक भजं उचलतो. "माझा पॅड भारी, म्हणायचे सगळे. पण वाजवायचास तू. तुझ्या काठीला जो ताल हुता, तो मला जन्मात जमला न्हाई. बघून जळायचो लेका. एवढं एक वायरींचं गुपित तरी माझ्याकडं राहू दे म्हटलं."

दिगंबर काही बोलणार, तोच भज्यांचा वास नाकात शिरतो आणि तो जागा होतो.

स्वयंपाकघरात बायको खरंच भजी तळतेय. सोल्डरिंग आयर्नचा प्लग लावलेला नाही, टोक थंडगार आहे. तो सॉकेट उलटा करून बघतो. मधला टाका गोवरीसारखा, त्याचा स्वतःचाच. बाजूच्या दोन वायरी मात्र अदलाबदल होऊन आता बरोबर जागी आहेत, आणि ते दोन टाके मोत्यासारखे चकाकतायत.

तो केबल जोडून पॅडवर काठी टेकवतो. हलगी कडाडते.

"जमलं की तुम्हाला," बायको आतून म्हणते.

दिगंबर त्या दोन टाक्यांवरून बोट फिरवतो. मेल्यावरही कल्लाप्पाचंच काम सरस, म्हणून जीव जळतो. मग तो दुसरी काठी उचलतो, टेबलाशी सरसावून बसतो.

"ऐक आता," तो रिकाम्या स्टुलाला म्हणतो, "आणि जळ." आणि वाजवायला लागतो.