ऐन झेंडूच्या हंगामात अमेरिकेला

आणि तिकीट काढलं ते कधीचं, तर जून ते नोव्हेंबर! फुलवाल्यांच्या घरात जन्मलेल्या पोराने! दसरा-दिवाळी म्हणजे आमची सुगी, हे ज्याला कुणी सांगायची गरज नाही त्या माझ्या नितीनने. मखमलाबादच्या पुढे आमची दीड एकर फुलबाग आहे. वर्षभर काही ना काही निघतं, पण घर चालतं ते झेंडूवर. हाच नितीन बारावीपर्यंत दसऱ्याच्या पहाटे तोंडात बॅटरी धरून झेंडू तोडायचा. अमेरिकेत आठ वर्षं काय काढली, डोक्यातलं कॅलेंडरच बदललं.

मी फोनवर ओरडले, तर म्हणतो, "आई, सहा महिने राहायला मिळतात तर पूर्ण राहा ना. एवढ्या लांब महिनाभरासाठी कोण येतं?" सुनेची आई डिसेंबर ते मे राहून गेली होती, आता माझी पाळी. नात ईशा दोन वर्षांची, नितीन आणि अश्विनी दोघंही नोकरीवर. पाळी कसली ते समजलंच असेल.

व्हिसा आमच्या ह्यांचाही झाला होता. पण बाग कोणावर सोडणार? "तू जा, पोरीला बघून ये. मी पुढच्या खेपेला," म्हणाले. म्हणजे नातीला त्यांनी अजून उचलून घेतलेलं नाही. हे दुखणं माझ्याबरोबर सगळीकडे फिरलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

हा ब्लॉग अश्विनीने उघडून दिला. मराठी टाइप करायलाही तिनेच शिकवलं. शाळा सातवीपर्यंत आणि टायपिंग एका बोटाने. चुका दिसल्या तर गप वाचा.

नाशिकहून दुपारी एकला जीप केली. विमान रात्रीचं असलं तरी लवकर निघा, आमचे दोन तास कसारा घाटातच गेले. पुढे एक ट्रक आडवा झालेला. विमानतळावर मी व्हीलचेअर घेतली. पन्नाशीची, रोज वाकून फुलं तोडणारी बाई मी, मला कसली व्हीलचेअर? पण इंग्रजी येत नसेल तर निमूट घ्या. ढकलणारा माणूस सगळ्या रांगांतून पुढे काढतो, कागद दाखवतो, दुसऱ्या विमानाच्या दारात नेऊन बसवतो. फ्रँकफर्टला माझ्यासारख्या सात आयाबाया व्हीलचेअरवर ओळीने बसल्या होत्या. एकीलाही काही झालेलं नव्हतं. शेजारची सोलापूरची बाई म्हणाली, "लंगडायची सवय करा बाई, नाहीतर लोक बघतात."

मुलाचा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरात लिहून ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवा, पर्समध्ये नाही. गोडा मसाला तीन पिशव्यांत बांधा. लोणचं नेऊ नका. माझं फुटलं आणि नितीनची स्वेटरं अजून कैरीचा वास मारतात.

ओहायो राज्यातलं त्यांचं गाव. रस्ते असे की पडलेलं पान उचलायलाही गाडी येते, पण त्या रस्त्यावर माणूस नाही. पहिल्या आठवड्यात मी ईशाला घेऊन फिरायला निघाले आणि तासभरात फक्त दोन कुत्री आणि एक पोस्टाची गाडी दिसली. कोथिंबिरीची जुडी एवढीशी, भाव मात्र आपल्याकडे पाटीभर येईल एवढा. देऊळ गाडीने चाळीस मिनिटांवर, तेही शनिवारी. सकाळी आठला दोघं गेले की संध्याकाळी सहापर्यंत मी आणि ईशा. ती मला इंग्रजी शिकवायची, मी तिला भाकरी थापायला. तिच्या भाकरीला चार कोपरे असायचे. तिच्याशी माझं कधी भांडण झालं नाही. बाकी दोघांशी रोज झालं.

नाशिकला फोन लागला की ह्यांचा आवाज ऐकून ती फोनच्या मागच्या बाजूला बघायची. तिच्या हिशेबी "नाना" तिथेच राहतात. "नाना बाहेर या," म्हणायची. हे तिकडे हसायचे आणि मग फोन माझ्याकडे द्यायला सांगायचे.

आता दसरा. आदल्या दिवशी तिथल्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा नाशिकला पहाट होती आणि बागेत तोडा चालू होता. मागे मजूर बायकांचा गलका.

"किती निघाला?" मी विचारलं.

"लय निघाला. टेम्पो भरतोय. तू फोन ठेव, माझे हात गुंतलेत."

ठेवला. दसऱ्याच्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे हात मोकळे होते. झोप नीट लागली नाही. उजाडता उजाडता नितीनचं जाकीट घालून बाहेर आले. शेजारी मार्था नावाची म्हातारी एकटी राहते. तिच्या दाराशी झेंडूची लांब रांग. पिवळा, भगवा, टपोरा. उन्हाळाभर मी बघत होते, एकही फूल तोडलेलं नाही. अर्धी पिकून काळी पडायला आलेली. आमच्याकडे असा झेंडू दिसला तर घरात कुणी आजारी आहे का, असं विचारतात. मला वाटलं, म्हातारीला वाकवत नसेल. नखाने देठ खुडायला लागले. अर्ध्या तासात दोन पिशव्या भरल्या, झाडांवर फुललेलं एकही फूल ठेवलं नाही. घरी येऊन तोरणं ओवली. आमच्या दाराला, गाडीला, कॉम्प्युटरला, आणि एक मोठं मार्थाच्या दाराला. ज्याचा माल त्याला नको का?

आठ वाजता नितीन पांढऱ्या तोंडाने आत आला. "आई, तू काय केलंस? मार्था बाहेर उभी आहे. चोरी झाली म्हणतेय!"

"चोरी कसली? तोडा केला. तिला विचार, गेल्या आठवड्यातच का नाही केला?"

"अगं, इथे फुलं तोडत नाहीत! बघायला लावतात!"

"सहा महिने नुसती बघायला?"

अश्विनी मला म्हणाली, "आई, तुम्ही फक्त हात जोडा, मी बोलते." ती बोलली. मार्था रडत होती. तिचा नवरा दर वर्षी तिथेच झेंडू लावायचा. तो गेल्यापासून ती लावते. हे मला अश्विनीने मराठीत सांगितलं. मला इंग्रजीतलं सॉरी येत होतं, ते म्हटलं, पण ते फार लहान वाटलं.

मग मला येतं ते केलं. झाडांवर पार वाळलेली बोंडं मी सोडली होती, कारण ती माळेत चालत नाहीत. ती गोळा केली, सावलीत सुकवली, बी काढलं आणि चौथ्या दिवशी पाकिटात घालून मार्थाला दिलं. त्याच झाडांचं बी, पुढच्या वर्षी त्याच जागी लावायला. तिने बराच वेळ पाकीट हातात धरलं आणि मला घरात बोलावलं. तिची तीन मुलं तीन राज्यांत. भिंतीवर सगळ्यांचे फोटो. माझं तोरण तिने महिनाभर काढलं नाही, पार वाळून गेलं तरी.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट वेगळीच. ओरडून झाल्यावर नितीन उरलेल्या फुलांपाशी खाली बसला आणि सुई-दोरा मागितला. ऑफिसच्या शर्टात. हात चुकला नाही त्याचा, देठ काढून मधोमध सुई, एक पिवळं एक भगवं. ईशा मांडीवर फुलं आणून देत होती. "आई, नाना आता बाजारातून आले असतील ना?" म्हणाला. मी "हो" म्हणाले. ऑफिसला तो उशिरा गेला.

नोव्हेंबरात परत आले. येताना व्हीलचेअर घेतली नाही आणि फ्रँकफर्टला दोन तास हरवले. घ्याच.

घरी आल्यावर काय उरलं? तिथली स्वच्छता आठवत नाही, मोठी दुकानं आठवत नाहीत. ईशाच्या केसांचा वास आठवतो. ह्यांना मी फोटो दाखवले तेव्हा हे म्हणाले, "उंची केवढी आहे गं? माझ्या गुडघ्याला लागते का?" मी हाताने दाखवली. त्यांनी आपला पाय माझ्या हाताशी लावून बघितला.

तर नितीन, हे तुझ्यासाठी. हा ब्लॉग तू वाचतोस, अश्विनीने सांगितलंय. या दसऱ्याला ईशाला घेऊन ये, असं मी विमानतळावर सांगितलं तेव्हा तू "बघू" म्हणालास. फेब्रुवारीत "बघू". मे महिन्यात रजा नाही, मग ईशाचं पोट बिघडेल, मग डास चावतील. पाणी उकळून देईन. मच्छरदाणी आणली आहे.

सोमवारी मला रोपवाटिकेत झेंडूची रोपं सांगायची आहेत. तुम्ही येणार असाल तर अर्धीच बाग लावणार, म्हणजे नाना दिवसभर पोरीजवळ बसतील. येणार नसाल तर दीडच्या दीड एकर लावते आणि हे वर्षही तसंच जाऊ दे. एकदा रोपं लागली की मग तू आलास तरी नाना बागेतच असणार. माझी सोमवार चुकवायची तयारी नाही. तेव्हा रविवारी सकाळी नऊच्या आत, म्हणजे तुमच्या शनिवारी रात्री, फोन करायचा आणि एकच शब्द बोलायचा. हो किंवा नाही. नाना फोनजवळ बसलेले असतील.