गोल कट्ट्याला मिस्त्री

आधी क्षमा मागतो. लिहिण्याचा अधिकार असावा असं मी काही केलेलं नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय ते बाबा हे वाचायला बसतील असंही वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही समजावून सांगायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात आणि मला ते सांगता येत नाही. हेही नीट जमेल याची खात्री नाही.

बाबा फौजेत होते, बांधकामाच्या पलटणीत. रिटायर झाल्यावर गावी न जाता ते दिल्लीतच राहिले आणि गुडगावकडच्या बंगल्यांच्या बागांची कामं घेऊ लागले. लॉनचा उतार, दगडी पायवाटा, झाडाभोवती बसायचे कट्टे, असलं काम. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एकच मिस्त्री होता, बुंदेलखंडचा. घरी आम्ही त्याला गवंडीकाका म्हणायचो. बाहेर हा शब्द कुणाला कळला नसता.

एक दिवस तो घरी आला आणि चहा न घेता उभाच राहिला. म्हणाला, "साहब, पूछने नहीं आया, बताने आया हूँ. पूछूँगा तो आप मना करोगे और मैं रुक जाऊँगा." नोएडाला टॉवर उभे राहत होते. तिथे मजुरी जास्त, राहायला खोली, ओव्हरटाइम वेगळा. बाबांनी आदल्या वर्षी त्याची मजुरी वाढवली होती, पण आता तेवढी वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "भतीजा काम सीख रहा था ना तेरा?"

"वो अब बाइक पर खाना पहुँचाता है साहब. कहता है, धूप तो दोनों में है, पर इसमें सिर पर मालिक नहीं खड़ा रहता."

बाबा हसले. आई हसली नाही. एका बंगल्याचं काम नुकतंच हातात आलं होतं. मोठ्या कडुनिंबाभोवती घडीव दगडाचा गोल कट्टा, आणि तो मालकीणबाईंच्या गृहप्रवेशाआधी पुरा व्हायला हवा होता. हे काम जमलं तर शेजारच्या दोन बागा मिळणार होत्या. बिघडलं तर बाबांचं स्वतःचं काम संपणार होतं, कारण त्याआधीची दोन कामं माणसांअभावी अर्धवट सोडावी लागली होती. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मी कॉलेजजवळ, दिल्लीतल्याच मुनिरकात खोली घेऊन राहतो. सुटी लागली म्हणून घरी आलो होतो, आणि बाबांबरोबर लेबर चौकात, रोजंदारीचे मजूर उभे राहतात तिथे, गेलो. फौजेत बाबा नव्या जवानांची ट्रेड टेस्ट घ्यायचे. तीच सवय त्यांनी इथेही ठेवली होती. छोट्या टेम्पोत मागे थोड्या विटा आणि सिमेंट-वाळूचा कालवलेला माल असायचा. मिस्त्रीने आधी चार विटा लावून दाखवायच्या, मग बोलणं. पूर्वी लोक लावायचे. त्या सकाळी एक मिस्त्री बिडी विझवत म्हणाला, "फौजी साहब, हमारा इम्तिहान लोगे? आज तो हम आपका लेंगे. बोलो, क्या दोगे?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "लोग गाड़ी में बिठाकर ले जा रहे हैं ताऊ, और आप ईंट लगवा रहे हो." तेवढ्यात एका ठेकेदाराने त्या पहिल्याला मोटरसायकलवर मागे घेतलं आणि तो गेलासुद्धा.

"बाबा, टेस्ट राहू द्या ना," मी म्हटलं.

"न बघता माणूस घेऊ? उद्या कट्ट्यावर कुणाचं पोर बसेल, दगड सुटला तर?"

परत येताना मी त्यांना वर्गात शिकलेलं सांगितलं. हात कमी पडले की मजुरी वाढते, मग ती बघून आणखी लोक ते काम शिकायला येतात. बाबांनी मन लावून ऐकलं. मी काही सांगितलं की ते नेहमीच असं ऐकतात, आणि त्याचीच मला भीती वाटते.

"म्हणजे येतील?"

"येतील."

"कधीपर्यंत?"

ते वर्गात सांगितलं नव्हतं. 

मग बाबा स्वतःच दगड लावायला बसले. पण त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. एक थर झाला की ते कडुनिंबाला धरून उभे राहायचे. मी म्हटलं, मला शिकवा, मी लावतो. त्यांनी माझ्या हातातली थापी काढून घेतली. "यासाठी नाही पाठवलं तुला कॉलेजात." माल कालवायला मात्र दिला, आणि तो मी पातळ केला. मालकीणबाई यायच्या, "अंकल, हो जाएगा ना?" एवढंच विचारून जायच्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी एका सकाळी बाबांनी टेम्पोतल्या विटा उतरवून ठेवल्या.  चौकात त्यांनी मजुरीसुद्धा समोरच्यालाच बोलू दिली. मिस्त्रीने विचारलं, "काम क्या है?"

"पत्थर का. गोल चबूतरा."

"गोल नहीं होगा साहब. सीधा टाइल का बोलो, अभी चलता हूँ."

दुसऱ्यालाही गोल जमत नव्हतं. तिसरा म्हणाला, असं काम करणारे म्हातारे होते, आता कुठे आहेत कुणास ठाऊक. बाबा टेस्ट सोडायला तयार झाले होते, पण आता टेस्ट घ्यावी असं कुणी उरलंच नव्हतं. ते टेम्पोत जाऊन बसले.  चहा आणू का, मी विचारलं. नको म्हणाले.

सुटी संपली, परीक्षा आली, मी मुनिरकात परतलो. फोनवर बाबा "चाललंय" एवढंच म्हणायचे. मीही जास्त विचारत नव्हतो, कारण विचारून मी करणार काय होतो?

परवा दुपारी मेसच्या रांगेत असताना आईचा फोन आला. ती आधी जेवलास का म्हणाली. मग सांगितलं, की मालकीणबाईंनी काम दुसऱ्याला दिलं, चांगल्या शब्दांत. त्याच्या माणसांनी बाबांनी लावलेले थर उखडले आणि कट्टा चौकोनी करून टाइल लावली. बाबांनी टेम्पो विकला. सोमवारपासून ते जवळच्याच एका सोसायटीच्या गेटवर गार्ड म्हणून जाताहेत. दिवसाची ड्यूटी आहे, बसायला खुर्ची देतात.